युद्धातलं बगदाद, घरातून पाहिलेलं

मार्च 2003 मध्ये अमेरिकेनं इराकवर चढाई केली तेव्हा बगदादची माणसं बॉम्बफेकीचं वेळापत्रक घरबसल्या मांडत होती. इंग्लंडमधल्या फेअरफर्ड तळावरून बी-52 विमानं उडाली की परदेशी बातम्यांमध्ये तसं यायचं. तिथून इराक साधारण सहा तासांवर. दुपारी चारला बातमी आली, तर रात्री दहापासून कान टवकारून बसायचं. हा हिशेब जगाला कळला तो सलाम पॅक्स या टोपणनावानं ब्लॉग लिहिणाऱ्या एका तरुण वास्तुविशारदामुळे. पत्रकार हॉटेलांच्या गच्चीवरून स्फोट दाखवत होते. हा पठ्ठ्या घरातून लिहीत होता, त्यामुळे खिडक्यांच्या काचांना टेप कशी चिकटवली, बाजारात भाव कुठवर गेले, सद्दामच्या लोकांनी शहराभोवती तेलानं भरलेले चर पेटवल्यावर आकाश कसं काळं झालं, हे सगळं त्यात यायचं.

तेव्हा फेसबुक नव्हतं, यूट्यूब नव्हतं, ट्विटर नव्हतं. बगदादमध्ये मोबाइलसुद्धा नव्हता. सॅटेलाइट डिशवर बंदी होती आणि इंटरनेट पुरवत होतं सरकारच. अशा देशात सप्टेंबर 2002 पासून एक माणूस इंग्रजीत ब्लॉग लिहितो, त्यात सद्दामची टिंगल करतो आणि येऊ घातलेल्या अमेरिकी स्वारीलाही शिव्या घालतो, यावर विश्वास बसणं कठीणच होतं. त्याचा रायद नावाचा मित्र जॉर्डनमध्ये अम्मानला शिकत होता आणि ईमेलला उत्तरं द्यायचा कंटाळा करायचा, म्हणून त्याला उद्देशून ही लिखापढी सुरू झाली. वाचणारे वाढले तसा संशयही वाढला. कुणी म्हणे हा सीआयएचा माणूस, कुणी म्हणे सद्दामच्या गुप्तचर खात्याचा. युद्धानंतर एका अमेरिकी पत्रकाराच्या लक्षात आलं, की आपण बगदादमध्ये दुभाष्या म्हणून ज्याला सोबत घेऊन हिंडत होतो, तोच हा सलाम पॅक्स. पुढे लंडनच्या ‘द गार्डियन’नं त्याला सदर दिलं.

मला स्वतःला मात्र जास्त शिकवलं ते रिव्हरबेंडनं. हेही टोपणनावच. ऑगस्ट 2003 मध्ये लिहायला लागली तेव्हा ती 24 वर्षांची होती. शिया-सुन्नी मिश्र घरातली, पेशानं संगणक प्रोग्रामर. युद्धानंतर ती पुन्हा कामावर गेली तर तिला सांगण्यात आलं, की बाईमाणसाच्या सुरक्षेची हमी आता कुणी देऊ शकत नाही, तेव्हा घरीच बसा. नोकरी गेली आणि लिहिणं सुरू झालं. चार वर्षं ती लिहीत राहिली. इराकच्या राजकारणावर जाडजूड ग्रंथ पुष्कळ आहेत, पण वरच्या निर्णयाचा खालच्या घरात काय परिणाम झाला, हे तिच्याइतकं नेमकं फार थोड्यांनी सांगितलं.

विजेचंच घ्या, कारण तिथून सगळं उलगडतं.

1991 च्या आखाती युद्धात इराकची वीजकेंद्रं बॉम्बफेकीत मोडली. त्यानंतरही चालू राहिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारी निर्बंधांमुळे सुटे भाग धड मिळेनात. जी काही वीज तयार व्हायची त्यातली बरीचशी सद्दाम राजधानीकडे वळवायचा, त्यामुळे बगदादमध्ये दिवे बऱ्यापैकी असायचे आणि बाकीचे प्रांत अंधारात. 2003 नंतर ही वाटणी सारखी करायचं ठरलं. तत्त्वतः न्याय्यच, पण बगदादकरांच्या दृष्टीनं ‘स्वातंत्र्य आलं आणि वीज गेली’. त्यात लुटारूंनी तांब्यासाठी तारा कापल्या, मनोरे पाडले, बंडखोरांनी तेलवाहिन्या उडवल्या. मग चक्र सुरू झालं: वीजकेंद्राला इंधन हवं, इंधन शुद्ध करणाऱ्या बैजी आणि दौराच्या कारखान्यांना वीज हवी, पाण्याच्या पंपांनाही वीजच हवी. एक कडी तुटली की तिन्ही बंद.

यावर गल्लोगल्ली जो उपाय निघाला तो आजही चालू आहे. सरकारी विजेला इराकी ‘वतनिया’ म्हणतात. ती गेली की मोहल्ल्यातला मोठा डिझेल जनरेटर, म्हणजे ‘मुवल्लिदा’, सुरू होतो. त्याचा मालक घरोघर वायर ओढून देतो आणि महिन्याला अँपिअरच्या हिशेबानं पैसे घेतो. तुम्ही 5 अँपिअरची लाइन घेतली, तर 220 व्होल्टला सुमारे 1,100 वॉट मिळतात. त्यात दिवे, पंखे, टीव्ही, फार तर फ्रिज चालेल. दीड टनाचा एसी लावायला गेलात तर तो एकटाच त्याहून जास्त ओढतो आणि खटका पडतो. बाहेर पारा 50 अंशांकडे सरकत असतो. म्हणून घरात रोज वाटाघाटी: आता फ्रिज बंद करून कूलर लावायचा, की पाणी चढवायची मोटर? वतनिया आली रे आली की सगळे धावत सुटतात. कुणी मोटर चालू करतं, कुणी कपडे मशिनमध्ये टाकतं, कुणी इस्त्री तापवतं. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणं टाकायची बगदादची जुनी रीत. ती वीज नसल्यामुळे पुन्हा घरोघर आली, पण आता गच्चीवर झोपायचं म्हणजे गोळीबाराचे आवाज कुठून येतात ते ओळखत झोपायचं.

पेट्रोलचंही तसंच. जगातल्या मोठ्या तेलसाठ्यांपैकी एक पायाखाली आणि पंपावर मैलभर रांग. कच्चं तेल बाहेर जात होतं आणि पेट्रोल मात्र शेजारच्या देशांतून आयात होत होतं, कारण शुद्धीकरण कारखाने रडतखडत चालत होते. घरातल्या एका पुरुषानं पहाटे उठून गाडी रांगेत लावणं हे जणू नोकरीसारखंच झालं. ज्यांना ते जमत नव्हतं ते रस्त्याकडेला कॅन आणि रबरी नळी घेऊन उभ्या असलेल्या पोरांकडून काळ्या बाजारात घ्यायचे.

आता एक प्रश्न कुणालाही पडेल. अमेरिका एवढी श्रीमंत, कंत्राटं अब्जावधी डॉलरची, मग दुरुस्ती का होईना? रिव्हरबेंडनं ऑगस्ट 2003 मध्येच याचं एक उदाहरण दिलं होतं. तिचा एक नातेवाईक पुलांचा अभियंता. बगदादच्या दक्षिणेकडच्या नव्या दियाला पुलाची पाहणी करून त्याच्या कंपनीनं दुरुस्तीचा अंदाज काढला सुमारे 3 लाख डॉलर. पुढे कळलं, की एका परदेशी कंपनीचा त्याच पुलासाठीचा आकडा 5 कोटी डॉलरच्या आसपास आहे. हा तिचा दावा, आणि तो तसाच घ्यावा. पण त्यामागचं तिचं म्हणणं तपासून पाहता येतं: 1991 नंतर हेच पूल, हीच वीजकेंद्रं इराकी अभियंत्यांनी निर्बंधांत, हाताशी असेल त्या सामानानं उभी केली होती. 2003 मध्ये त्यांना बाजूला बसवलं गेलं.

बाजूला बसवण्याची सुरुवात कागदावर झाली होती. अमेरिकेनं नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर मे 2003 मध्ये बगदादला पोचले आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी दोन आदेश काढले. पहिला 16 मेचा: सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्या सगळ्यांना सरकारी नोकरीतून काढा. दुसरा 23 मेचा: सैन्य बरखास्त. बाथ पक्षाचं सदस्यत्व ही त्या देशात बढतीची पायरी होती, म्हणून पहिल्या आदेशात खुनी अधिकाऱ्यांबरोबर शाळांचे मुख्याध्यापक, डॉक्टर, खात्यांतले जाणकारही गेले. दुसऱ्या आदेशानं सुमारे चार लाख माणसं एका सहीनिशी बेकार झाली, आणि त्यातल्या बहुतेकांना बंदूक चालवता येत होती. पुढच्या बंडखोरीला माणसं कुठून मिळाली, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं उत्तर जुलै 2003 मधलं. ब्रेमर यांनी 25 जणांचं शासकीय मंडळ नेमलं आणि त्याची विभागणी अशी केली: 13 शिया, 5 सुन्नी अरब, 5 कुर्द, 1 तुर्कमान, 1 असिरियन ख्रिस्ती. हेतू सगळ्यांना प्रतिनिधित्व देण्याचा असेलही. पण राज्यकारभारात माणसाची पहिली ओळख म्हणजे पंथ, हे यातून अधिकृत झालं. या कोटा पद्धतीला इराकी ‘मुहासासा’ म्हणतात. मंडळाचं अध्यक्षपद नऊ जणांमध्ये महिन्यामहिन्यानं फिरणार होतं. रिव्हरबेंडनं त्या नऊ जणांची जी रेवडी उडवली, ती वाचताना हसू येतं आणि मग लक्षात येतं, की मिश्र घरातल्या मुलीला यात स्वतःची जागाच सापडत नाहीये. तिची मोजणी कुठल्या रकान्यात करणार?

याच मंडळानं डिसेंबर 2003 च्या अखेरीस ठराव क्रमांक 137 मंजूर केला. 1959 चा कुटुंब कायदा शिया-सुन्नी सगळ्यांना एकच होता आणि अरब जगात बायकांच्या दृष्टीनं तो पुष्कळ पुढारलेला मानला जायचा. ठरावानं तो रद्द करून लग्न, घटस्फोट, वारसा हे विषय ज्याच्या त्याच्या पंथाच्या धर्मशास्त्रावर सोपवले. बायका रस्त्यावर उतरल्या, ब्रेमर यांनी सही केली नाही आणि दोन महिन्यांत ठराव मागे घ्यावा लागला. बाहेरच्या जगात याची बातमी आत कुठेतरी छापून आली. बगदादच्या ब्लॉगवर मात्र आपल्या मुलीबाळींचं काय होणार या भाषेत त्यावर लिहिलं जात होतं. (जानेवारी 2025 मध्ये इराकी संसदेनं त्याच 1959 च्या कायद्यात दुरुस्ती करून ती वाट पुन्हा उघडली. त्या वेळची धास्ती उगाच नव्हती.)

आता निवडणूक. 30 जानेवारी 2005 ला जांभळ्या शाईची बोटं जगभर दिसली. मतदारयादी कशावरून केली होती? रेशनकार्डावरून. निर्बंधांच्या काळापासून इराकमध्ये प्रत्येक कुटुंबाला पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल असा महिन्याचा ‘हिस्सा’ मिळायचा, अगदी आपल्याकडच्या रास्त भाव दुकानासारखा, फक्त गरीब-श्रीमंत सगळ्यांना. देशातल्या जवळजवळ प्रत्येकाची नोंद असलेली तेवढी एकच यादी हाताशी होती. सोय म्हणून ती वापरली, पण त्यातून अफवा उठली, की मत दिलं नाही तर हिस्सा तोडतील. ज्याच्या घरात पीठ त्या कार्डावर येतं, त्याला मतदानाचा हक्क आणि मतदानाची सक्ती यांतला फरक कसा पटवून देणार?

इथवर वाचून वाटेल, की सगळे इराकी ब्लॉगर अमेरिकेवर चिडलेलेच होते. तसं अजिबात नव्हतं, आणि मला या सगळ्यातली सर्वांत वाचनीय गोष्ट त्यांची आपापसातली भांडणंच वाटते.

नोव्हेंबर 2003 मध्ये फादिल आडनावाच्या तीन भावांनी ‘इराक द मॉडेल’ सुरू केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: सद्दाम गेला हे चांगलंच झालं, अमेरिकेनं लगेच निघून जाऊ नये, लोकशाहीला वेळ द्या. रिव्हरबेंडला जी निवडणूक बाहेरच्यांनी मांडलेला खेळ वाटली, तीच त्यांना आयुष्यातला मोठा दिवस वाटली. ज्यांच्या ओळखीतली माणसं सद्दामच्या तुरुंगातून परत आली नव्हती, त्यांचा हा आनंद खोटा नव्हता. डिसेंबर 2004 मध्ये त्यांच्यातल्या दोघांना अमेरिकेत बोलावणं आलं आणि राष्ट्राध्यक्ष बुश त्यांना भेटले. त्याच महिन्यात तिसऱ्या भावानं तो ब्लॉग सोडला आणि स्वतंत्र लिहायला लागला. अमेरिकेतल्या युद्धसमर्थकांना फादिल बंधू हवे होते, विरोधकांना रिव्हरबेंड. दोन्हीकडचे लोक आपल्याला हवं तेवढंच उचलत होते.

झेयादची गोष्ट तर या दोन्ही खणांत मावत नाही. बगदादचा हा तरुण दंतवैद्य ‘हीलिंग इराक’ लिहायचा. सद्दामच्या पाडावाचं त्यानं स्वागत केलं होतं. 10 डिसेंबर 2003 ला बगदादमध्ये दहशतवादाविरुद्ध मोठा मोर्चा निघाला, मोठ्या वृत्तसंस्थांनी तिकडे फारसं पाहिलं नाही, झेयादनं मात्र स्वतः काढलेले फोटो टाकले आणि अमेरिकेतले युद्धसमर्थक खूश झाले. महिनाभरात त्याच ब्लॉगवर वेगळाच मजकूर आला. 3 जानेवारी 2004 च्या रात्री समारा शहरात संचारबंदीच्या वेळी अमेरिकी सैनिकांनी दोन तरुणांना अडवलं आणि बंदुकीच्या धाकानं तिग्रिस नदीत उडी मारायला लावली. एक पोहून बाहेर आला. दुसरा बुडाला, असं घरच्यांनी सांगितलं. बुडालेला तरुण झेयादचा चुलतभाऊ.

झेयादनं हे लिहिलं तेव्हा कालपर्यंत वाहवा करणाऱ्यांपैकी काहींनी त्यालाच खोटं ठरवलं. पण बातमी दाबली गेली नाही. चौकशी झाली, आधी लपवाछपवी झाल्याचं उघड झालं आणि 2005 मध्ये लष्करी न्यायालयात संबंधित सैनिकांना शिक्षा झाल्या. मनुष्यवधाचा आरोप टिकला नाही, हल्ल्याचा टिकला. सार्जंटला सहा महिने, लेफ्टनंटला 45 दिवस कैद. झेयाद पुढे पत्रकारिता शिकायला न्यूयॉर्कला गेला.

नव्या इराकी सरकारच्या काळात लिहिणं-वाचणं सुरक्षित झालं, असंही नाही. ज्या रायदला उद्देशून सलाम लिहायचा, त्याच्या घरातही पुढे लेखणी फिरली. त्याची आई अरबीत रोजनिशी लिहायची आणि वाचक तिचं भाषांतर करायचे. जुलै 2005 मध्ये रायदच्या भावाला विद्यापीठातल्या संगणकावर भलती वेबसाइट वाचतो म्हणून गृहखात्याच्या लोकांनी उचललं आणि कित्येक दिवस डांबून ठेवलं. सद्दामच्या काळात ब्लॉग लिहिणारा सुटला आणि लोकशाहीत वाचणारा सापडला.

22 फेब्रुवारी 2006 ला समारामधल्या अल-अस्करी दर्ग्याचा सोनेरी घुमट स्फोटात कोसळला. शियांचं हे अतिशय पवित्र स्थान. त्यानंतर बगदादमध्ये जे सुरू झालं त्याला यादवी म्हणायचं की नाही, यावर वॉशिंग्टनमध्ये बराच काळ खल चालला. बगदादमधल्या नोंदी तोवर नावांवर आल्या होत्या. इराकी ओळखपत्रावर पंथ लिहिलेला नसतो, पण उमर नाव असेल तर सुन्नी, अली किंवा हैदर असेल तर बहुधा शिया, हे नाक्यावरच्या बंदूकधाऱ्याला कळतं. टोळ्या खोटे नाके लावून कार्ड तपासायच्या. म्हणून लोकांनी दोन-दोन कार्डं करून घेतली, एक या वस्तीसाठी, एक त्या. कुठलं कार्ड कुठल्या खिशात आहे हे लक्षात ठेवणं म्हणजे जिवंत राहणं. विद्यापीठाला जायचा रस्ता, दवाखाना, भाजीवाला, सगळं नव्यानं ठरवावं लागलं.

एप्रिल 2007 मध्ये अमेरिकी सैन्यानं आधमिया या सुन्नी वस्तीभोवती सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत घालायला घेतली. लांबी सुमारे 5 किलोमीटर, उंची 12 फूट. भिंतीमुळे मारेकरी आत येणार नाहीत, हा युक्तिवाद काही अंशी खराही ठरला, पुढच्या वर्षभरात हत्या कमी झाल्या. पण तोवर मिश्र वस्त्या बऱ्याच अंशी संपल्याच होत्या, मग मारायला शेजारी उरला होता कुठे? रिव्हरबेंडनं त्या भिंतीवर लिहिलेल्या मजकुरातच जाहीर केलं, की आपलं कुटुंब देश सोडतंय.

ती सीरियाला गेली. त्या वर्षी देशाबाहेर पडलेल्या इराकींचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज सुमारे 20 लाखांचा होता आणि जवळपास तितकेच देशातल्या देशात विस्थापित. प्रत्येकानं एकेक मोठी बॅग घ्यायची असं घरात ठरलं आणि ती बॅग तिनं कितीदा तरी भरली, रिकामी केली. सीरियात ज्या इमारतीत जागा मिळाली तिथे शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आणि एक कुर्द कुटुंब, दोन्ही इराकचीच. बगदादमध्ये जे शेजार तुटले ते निर्वासितांच्या भाड्याच्या घरांत पुन्हा जुळत होते. ऑक्टोबर 2007 नंतर ती गप्प झाली. एप्रिल 2013 मध्ये एकदाच परतली, दहा वर्षांचा हिशेब मांडला आणि सीरियाही पेटण्याआधी तिथून निघाल्याचं सांगून गेली.

हे सगळं वाचताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. ही माणसं इंग्रजी येणारी, शहरी, शिकलेली, बहुतेक बगदादची. सलामचं काही आयुष्य व्हिएन्नात गेलेलं. बगदादच्याच पूर्वेला 20 लाखांच्या आसपास वस्तीचं सद्र सिटी आहे, गरीब शियांचं. तिथून इंग्रजी ब्लॉग येत नव्हते. बसरा, अनबारची खेडी, दक्षिणेची पाणथळ जमीन यांचाही आवाज यात क्षीण आहे. आणि कुर्दांचं 2003 वेगळंच होतं. 1988 मध्ये हलब्जा या कुर्द शहरात सद्दामच्या सैन्यानं सोडलेल्या विषारी वायूनं सुमारे 5,000 माणसं ज्यांची मेली, त्यांना सद्दामच्या पुतळ्याचं पडणं कसं वाटलं असेल, हे बगदादच्या मध्यमवर्गीय गच्चीवरून दिसत नाही. त्यामुळे या ब्लॉगांना ‘इराकचा आवाज’ म्हणणं चूक. साक्षीपुरावा म्हणून एकमेकांसमोर ठेवून वाचले, तर मात्र त्यांच्या तोडीचं दुसरं काही नाही.

ही परंपरा तिथेच संपली नाही. जून 2014 मध्ये आयसिसनं मोसुल घेतलं आणि ‘मोसुल आय’ या नावानं एक निनावी माणूस शहरातल्या फाशा, फतवे, बाजारभाव, रुग्णालयांची अवस्था नोंदवायला लागला. सापडला असता तर मरण नक्की होतं, म्हणून त्यानं घरच्यांनाही सांगितलं नव्हतं. डिसेंबर 2017 मध्ये त्यानं स्वतःच ओळख उघड केली: उमर मोहम्मद, पेशानं इतिहासकार. जळालेल्या मोसुल विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी जगभरातून पुस्तकं जमवायची मोहीमही त्यानंच चालवली.

आणि ऑक्टोबर 2019 मध्ये बगदादच्या तहरीर चौकात जी पोरं उतरली, ती 2003 मध्ये शाळेतही गेली नव्हती किंवा नुकती जात होती. वीज नाही, पाणी नाही, नोकऱ्या पक्षांनी वाटून घेतलेल्या, आणि मागणी एकच: ‘आम्हाला देश हवा’. त्यांचा मुख्य राग मुहासासावर होता, त्याच 13-5-5-1-1 च्या वाटणीवर. सरकारनं पहिल्या दोन-तीन दिवसांतच इंटरनेट तोडलं. शेकडो निदर्शक मारले गेले, नोव्हेंबरअखेर पंतप्रधान अब्दुल महदी यांनी राजीनामा जाहीर केला. वाटणी आजही तीच आहे, आणि उन्हाळ्यात वतनिया गेली की मोहल्ल्यातला मुवल्लिदावालाच लागतो.